ठोंब फोडला तरच पात वाढते

गवती चहाचा ठोंब कुणी पैसे मोजून विकत आणल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. शेजारणीकडून चार काड्या मुळासकट मागून आणायच्या, मोरीचे पाणी जाते तिथे खोचायच्या, की झाले. शिरगावात काय किंवा आपटेवाडीत काय, दारापुढे हातभर माती असली की तिथे हा ठोंब उभा असतोच. आपल्या हाताला सवयीचे असलेले हेच काम आज एका वेगळ्या पातीसाठी करायचे आहे. ही पात कांदा-लसणाच्या घराण्यातली. एकदा लावली की वर्षानुवर्षे कापून खावी आणि दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून चार घरी वाटावी. इंग्रजीत तिला चाईव्ह्ज म्हणतात. मराठीत तिला रूढ नाव नाही, म्हणून या लेखापुरते आपण तिला बारमाही पात म्हणू.

भगिनी विचारतील, कांद्याची पात बाजारात मिळते, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. पण कामावरून परतताना स्टेशनबाहेर घेतलेली जुडी आठवा. आमटीला त्यातल्या चार काड्या लागतात. उरलेली दुसऱ्या दिवशी मलूल होते आणि तिसऱ्या दिवशी चिकट होऊन कचऱ्यात जाते. लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेला पिकणारा पालक आणि माठ आपण रोज पाहतो. त्याला कुठल्या नाल्याचे पाणी जाते हेही पाहतो. बाजारातली प्रत्येक जुडी तिथलीच असते असे मुळीच नाही, पण जुडीवर गावाचे नाव लिहिलेले नसते. घरच्या डब्यातली पात हवी तेवढीच कापता येते आणि तिला आपण कोणते पाणी घातले ते आपल्याला ठाऊक असते. एका डब्याने महिन्याचा भाजीचा खर्च वाचेल, असे मात्र मी सांगणार नाही. मी हिशेबाच्या कामात आयुष्य घालवलेली बाई आहे.

या पातीच्या दोन जाती आहेत आणि फसगत इथेच होते. पहिली बारीक, गोल, आतून पोकळ पातीची. तिला जांभळट गोंड्यासारखे फूल येते. ही थंड मुलखातली. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागांत ती रानातही उगवते. आपल्याकडे हिवाळ्यात ती छान दिसते, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात मान टाकते आणि जुलैच्या झडीत कुजते. दुसरी जात चपट्या पातीची. तिला पांढऱ्या चांदण्यांसारख्या फुलांचा घोस येतो आणि पात चुरडली तर लसणाचा वास येतो. हिला गार्लिक चाईव्ह्ज म्हणतात, शास्त्रीय नाव ॲलियम ट्युबरोसम. बदलापूरच्या हवेला हीच सोसते. बियांचे पाकीट किंवा रोप घेताना दोन्हींतला फरक विचारून घ्यावा. पाकिटावरच्या जांभळ्या फुलाच्या चित्रावर भाळू नये.

ही चपटी पात चीन, जपान, कोरिया या देशांत घरोघर खाल्ली जाते. पण तेवढे लांब जायला नको. आपल्या मणिपुरात तिला मरोइ नाकुप्पी म्हणतात. तिथे इरोम्बासारख्या पदार्थावर ती वरून चिरून घालतात, जशी आपण कोथिंबीर घालतो. घराच्या मागल्या अंगणात तिचा वाफा असणे ही तिथली नेहमीची गोष्ट. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९४ साली नाशिकला सुरू झालेले हे केंद्र १९९८ साली राजगुरुनगरला आले. भीमा शक्ती, भीमा किरण ही कांद्याची वाणे तिथलीच. राजगुरुनगर भीमेच्या काठी वसलेले आहे, पण आपल्या कानाला ते नाव जरा जास्तच गोड लागते! कांदा-लसणाच्या रानटी आणि कमी परिचित भाईबंदांचा संग्रहही या संस्थेने केला आहे. त्यात ही चपटी पातसुद्धा आहे.

आता कांद्याच्या पातीत आणि हिच्यात फरक काय? कोंब आलेला कांदा किंवा लसणाची पाकळी मातीत खोचली तरी पात येते. आपण सगळ्यांनी ते कधी ना कधी केले आहे. पण ती पात कांद्यात साठवलेल्या अन्नावर वाढते. दोन-तीनदा कापली की कांदा पोकळ होतो आणि खेळ संपतो. बारमाही पातीचे तसे नाही. तिच्या बुडाशी मोठा गड्डा धरत नाही. मातीत लगतच एक आडवी, जाडसर मुळी असते आणि तिच्यावर एकमेकांना चिकटून बारीक बारीक कांडे फुटत राहतात. एका कांड्याची दोन होतात, दोनाची चार. वरून आपण कापतो, खालून ती वाढते. म्हणून तिचा ठोंब होतो.

आणि ठोंब झाला की तो फोडावा लागतो. या लेखात लक्षात ठेवण्याजोगे काही असेल तर ते हेच. पुष्कळ घरांत पहिले वर्ष पात जोरदार येते, दुसऱ्या वर्षी डबा भरून जातो आणि तिसऱ्या वर्षी ती पिवळी, बारीक, केसासारखी होते. मग खत घालतात, ताक ओततात, डबा उन्हात नेऊन ठेवतात. कशाचाही उपयोग होत नाही. कारण रोग नसतो, गर्दी असते. दहा बाय दहाच्या खोलीत बारा माणसे राहिल्यावर जे होते तेच डब्यात होते. मुळांचा नुसता चटईसारखा थर तयार होतो, पाणी घातले तर वरून वाहून जाते, आत शिरत नाही. मधली जुनी कांडी मरतात आणि कडेची कशीबशी तग धरतात. चांगल्या लागलेल्या ठोंबाला हात लावायला जीव होत नाही, हे मी समजू शकते. ‘लागलंय ते लागलंय, कशाला उपटायचं?’ असे आमच्या गल्लीतल्या एका आजींनीही विचारले होते. पण न फोडता ठेवलेला ठोंब जपला जात नाही, तो आतून मरतो.

फोडण्याची वेळ आपल्या भागात दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतची. पाऊस ओसरलेला असतो, माती अजून ओली असते आणि पुढे थंडीचे तीन महिने नवी मुळे धरायला मिळतात. दुसरी वेळ जूनच्या पहिल्या सरींनंतरची. पण तेव्हा डब्यातून पाण्याचा निचरा चांगला झाला पाहिजे, नाहीतर ताजी फोडलेली मुळे सडतात. भर मे महिन्यात ठोंब फोडू नये. पाहुणे आले, मागू लागले, तरी जून उजाडेपर्यंत थांबायला सांगावे.

आदल्या संध्याकाळी डब्याला भरपूर पाणी द्यावे. सकाळी पात चार बोटे ठेवून वरची कापून घ्यावी. ही कापलेली पात त्या दिवशीच्या भाजीला होते. मग डबा आडवा करून बुडावर थापट्या माराव्यात. ठोंब मातीसकट बाहेर येतो. शेंडा धरून ओढू नये, कांडी तुटतात. माती झटकून, हवे तर बादलीभर पाण्यात बुचकळून मुळे मोकळी करावीत. आता दोन्ही हातांचे अंगठे मध्ये घालून, भाकरी मोडतो तसा ठोंब हळूच दोन ठिकाणी फोडावा. पुन्हा त्यांचे दोन करावेत. फार घट्ट असेल तर धारदार सुरीने सरळ काप द्यावा. चार कांडी मेली तरी चालतात. शेवटी सहा ते दहा कांड्यांची एक, अशा जुड्या कराव्यात. एकेक कांडे सुटे करून लावले तरी जगते, पण डबा भरायला फार वेळ घेते आणि तोवर आपला धीर सुटतो. मधली काळपट, पोचट, मऊ झालेली कांडी बाजूला काढावीत. लांब मुळे बोटभर ठेवून कात्रीने छाटावीत. छाटल्याने नवी मुळे फुटतात.

लावताना जुडी पूर्वी जेवढी खोल होती तेवढीच खोल असावी. पांढरा भाग मातीत, हिरवा बाहेर. दोन जुड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवावे. पाणी देऊन चार-पाच दिवस सावलीत ठेवावे आणि मग हळूहळू उन्हात आणावे. पहिल्या आठवड्यात पात लोळते, पाहून जीव घाबरतो. घाबरू नये. मधून नवे हिरवे टोक वर आले की मुळे धरली असे समजावे. साधारण महिना-दीड महिना कापायला जाऊ नये.

हिशेब मांडायचा तर असा. चाळीस कांड्यांचा एक ठोंब, आठाच्या पाच जुड्या. एक आपल्याला, चार बाहेर. त्या पाचही घरांनी दोन-तीन वर्षांनी पुन्हा फोडले तर पंचवीस. बँकेत असे व्याज मिळत नाही. आणि समजा एखाद्या उन्हाळ्यात आपला डबा सुकून गेला, तरी ज्यांना दिले त्यांच्याकडून परत मागता येतो.

डबा कोणता घ्यावा, याबद्दल अंबरनाथ-बदलापूर-उल्हासनगरच्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवे. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आडवा कापून चालतो, मासळीची थर्माकोलची पेटी स्वच्छ धुऊन चालते, जुने प्लास्टिकचे घमेले चालते. खोली वीतभर असली तरी पुरे, कारण या पातीची मुळे फार खोल जात नाहीत. पण भंगारात मिळणारे कारखान्यांचे निळे पिंप किंवा रसायनाचे कॅन कितीही स्वस्त मिळाले तरी खाण्याच्या झाडाला घेऊ नयेत. आत काय होते ते भंगारवाल्यालाही ठाऊक नसते. तीच गोष्ट मातीची. वालधुनी नदीच्या काठची किंवा कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेची माती आणू नये. या नदीत रसायने सोडल्यामुळे २०१४ साली उल्हासनगरात वायू पसरला आणि शेकडो माणसे दवाखान्यात न्यावी लागली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. माती शेताच्या बांधाची किंवा डोंगराकडची तांबडी आणावी. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू किंवा भाताचे तूस. डब्याच्या बुडाला आठ-दहा भोके पाडावीत आणि डबा दोन विटांवर उचलून ठेवावा. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या बदलापूरकरांना पाणी कसे साचते हे सांगायला नको. या पातीला सगळ्यात जास्त मारते ते साचलेले पाणीच.

ऊन दिवसाला चार-पाच तास मिळावे. गॅलरी पूर्वेची असेल तर उत्तम. मे महिन्यात दुपारचे ऊन टाळावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी थंडच असते, ते खुशाल घालावे. साबणाचे आणि खरकट्या मिठाचे पाणी घालू नये. पाण्याची ओढ असेल त्या दिवसांत पेंढा किंवा सुकी पाने मातीवर पसरून ठेवली की ओल टिकते. मूठभर शेणखत महिना-दीड महिन्याने. मावा किंवा फुलकिडे दिसले तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारावे आणि कापण्यापूर्वी काही दिवस जाऊ द्यावेत. पात धुऊनच वापरावी.

पात कापायची कशी, याला विनयपिटकातली एक गोष्ट फार चपखल बसते. एका उपासकाने भिक्खुणी संघाला आपल्या मळ्यातला लसूण देऊ केला होता, प्रत्येकीला दोन-तीन गड्ड्या. एकदा घरातला लसूण संपला म्हणून त्याने मळ्यातून न्यायला सांगितले. थुल्लनंदा नावाची भिक्खुणी गेली आणि प्रमाण न ओळखता तिने भरपूर लसूण काढून नेला. राखणदाराने तक्रार केली. तथागतांनी त्या वेळी सोनेरी हंसाची कथा सांगितली. मेलेला बाप सोनेरी हंस होऊन घरी येई आणि बायको-मुलींना एकेक पीस देई. त्यावर त्यांचे बरे चालले होते. पण आईने लोभाने त्याला धरून सगळी पिसे उपटली. पुढे आली ती पांढरी, साधी पिसे. जातकांत ही कथा सुवण्णहंस जातक म्हणून आहे. भिक्खुणींनी लसूण खाऊ नये हा नियम त्या प्रसंगातून झाला. भिक्खूंनाही वासामुळे मनाई झाली, पण आजारात मोकळीक ठेवली. सारिपुत्तांच्या पोटाच्या दुखण्यावर लसूण गुणकारी होता, त्यावरून ती परवानगी मिळाली. चीनकडच्या महायानी परंपरेत भिक्खू आजही कांदा, लसूण आणि ही चपटी पातसुद्धा वर्ज्य मानतात. आपल्याकडे कुणी विचारतात, बौद्धाच्या घरी लसूण चालतो का? वरचे नियम संघासाठी आहेत. उपासक-उपासिकांवर तशी बंदी नाही.

तर पात कापताना बुडापासून दोन बोटे सोडून कात्रीने कापावी, उपटू नये. एका वेळी ठोंबाचा एक भाग कापावा, पुढच्या वेळी दुसरा. तीन-चार आठवड्यांनी पहिला भाग पुन्हा तयार होतो. एकाच दिवशी सगळा डबा सपाट करायचा आणि आठवड्याने पुन्हा कात्री घेऊन जायचे, हे त्या हंसासारखेच. हिरव्या पातीतच अन्न तयार होते. तीच राहू दिली नाही तर मुळांनी जगायचे कशावर?

एक धोका मात्र स्पष्ट सांगते. रेन लिली नावाचे शोभेचे झाड आपल्याकडे पुष्कळ कुंड्यांतून असते. पहिल्या पावसात त्याला गुलाबी, पांढरी किंवा पिवळी फुले येतात. फूल नसताना त्याची पात हुबेहूब या पातीसारखी दिसते. त्याचा कंद विषारी आहे. खाल्ला तर उलट्या होतात. परीक्षा सोपी आहे. पात बोटांत चुरडून हुंगावी. कांदा-लसणाचा वास आला तर ती आपली, वास नाही तर तोंडात घालायची नाही. मात्र एकाच डब्यात दोन्ही लावली असतील तर हाताला लागलेल्या वासाने फसायला होते, म्हणून दोन्ही शेजारी लावूच नयेत. पावसाळ्यात मुरबाडकडच्या आदिवासी भगिनी फोडशीची भाजी विकायला आणतात, तिचीही पात अशीच चपटी असते. ती खाण्याची आहे, पण तिला लसणाचा वास नसतो. मुलांना हा फरक हातात देऊन दाखवावा. घरात मांजर-कुत्रे असेल तर कांदा-लसणाच्या कुळातली कोणतीच पात त्यांच्या पुढ्यात येऊ देऊ नये. त्यांच्या रक्ताला ती बाधते.

पातीत अ आणि क जीवनसत्त्वे असतात हे खरे, पण आपण ती चिमूटभर खातो. तिने पंडुरोग बरा होतो वगैरे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात. पातीचे खरे काम चवीचे आहे. कापली की तिच्या पेशी फुटतात आणि त्या क्षणी वास तयार होतो, आचेवर तो उडून जातो. म्हणून फोडणीत न घालता गॅस बंद करतेवेळी घालावी. पिठल्यावर, झुणक्यावर, अंड्याच्या पोळीत आणि सगळ्यात झकास म्हणजे भाजलेल्या सुकटीत लिंबू पिळून. हिरव्या मिरचीबरोबर जाडसर वाटून ठेचा केला की तांदळाच्या भाकरीला दुसरे काही लागत नाही. पांढऱ्या फुलांच्या कळ्या देठासकट परतून खातात. कळ्या तोडल्या की बीही पडत नाही. नाहीतर पुढल्या वर्षी शेजारच्या सगळ्या कुंड्यांत हीच पात उगवते.

कुणाकडून ठोंब मिळत नसेल तर बियांपासून सुरुवात करता येते. पाकिटावरची तारीख पाहून चालू वर्षाचेच बी घ्यावे, कारण या कुळाचे बी वर्षभरातच जोम गमावते. बी पातळ पेरून वर नखभर माती टाकावी. उगवायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि पहिले वर्ष ते गवतासारखेच दिसते. घरच्यांनी उपटून टाकू नये म्हणून डब्यावर काडी खोचून चिठ्ठी लावावी. ठोंब मिळाला तर मात्र हे सगळे वाचते. फोडलेली जुडी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली, पिशवीचे तोंड उघडे ठेवले, तर दोन दिवस सहज टिकते. तेवढ्यात ती कल्याणच्या बहिणीकडे जाते, नाशिकच्या मावशीकडेही जाते. विहारात रविवारी वंदनेला येताना पाच-सहा जुड्या आणून ठेवल्या तरी घेणारे मिळतात. देताना एवढेच सांगावे, ही चपटी पातीची आहे, दोन बोटे ठेवून कापा, आणि तिसऱ्या दिवाळीला फोडा.